डोहाळजेवणाचे दोन पाट

शकुबाई मोहगावहून आल्या, त्यांनी पाय धुतले, चहा घेतला आणि सगळ्यांत आधी चिंचेची बरणी उघडून पाहिली. माहेरच्या बरण्या उघडून पाहायचा हक्क त्या गेली चाळीस वर्षं बजावत होत्या, आणि धाकट्या भावजयीने, देवकाबाईने, तो कधी नाकारला नव्हता.

"दसऱ्याले मी गेली तवा ही बरनी गळ्यालोक भरून होती," शकुबाई म्हणाल्या. "आता बुडाले लागली. एकटी बाई इतकी चिंच खाते का वं?"

देवकाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडणारी विजयमाला, तिची सून, मान वर न करता म्हणाली, "मीच खाल्ली जी. दुपारी सारे झोपले का मले राहावत नाई."

"जुळं हाय का मंग पोटात?"

"नर्सबाई तं एकच म्हनते."

शकुबाईंनी बरणीचं झाकण लावलं. विजयमालेने तेवढ्यात सासूकडे पाहिलं. त्या नजरेत ना थट्टा होती ना राग, पण देवकाबाईला कळायचं ते कळलं. पोरीला सगळं ठाऊक आहे. दिवस किती गेले तेही ठाऊक असावं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला वास आला नाही.

विजयमालेला सातवा लागला होता आणि उद्या तिचं डोहाळजेवण होतं. घरातलं पहिलं नातवंड. देवकाबाईला पाचवा होता.

तिचं वय बेचाळीस. तेराव्या वर्षी ती पांढुर्ण्याच्या या घरात आली, आणि एकोणिसाव्या वर्षी झालेल्या विनायकापासून धरलं तर नऊ बाळंतपणं झाली. हाती लागली पाच. शेवटच्या खेपेला, सहा वर्षांपूर्वी, तीन दिवस अंगावरून जात राहिलं होतं आणि घरच्यांनी तिच्या तोंडात गंगाजळ घातलं होतं. त्यातून ती उठली. पुढे पाळी मागेपुढे व्हायला लागली, मग दोन महिने आलीच नाही, तेव्हा तिला वाटलं, सुटलो बाबा एकदाचे. त्या आनंदात तिने नवं लुगडंही घेतलं. आणि गणपतीच्या सुमारास एका सकाळी कढीला फोडणी देताना पोटात जी ढवळाढवळ झाली, ती तिने नऊ वेळा ओळखलेली होती.

तिने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. सुनेची ओटी भरायच्या वर्षी सासूचीच ओटी भरायची वेळ आली, हे तोंडाने सांगायचं कसं?

दुपार कलल्यावर उद्याच्या ओटीसाठी संत्री निवडायला म्हणून दोघी मागच्या वाडीत गेल्या. आंबिया बहार उतरायला आला होता. फळांच्या भाराने फांद्या जमिनीला टेकू पाहत होत्या आणि देवकाबाईच्या नवऱ्याने, भगवंतरावांनी, त्यांना बांबूचे टेकू दिले होते. विजयमाला एका झाडाखाली पाय पसरून बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, तुमी बी बसा. तुमचे पाय सुजून राहिले."

देवकाबाई बसली. तिने पाय लुगड्याखाली ओढून घेतले.

"कवापासून ठाव हाय तुले?"

"दिवाळीपासून. फराळाचं तळन करताना तुमी तीनदा मागच्या दारी गेल्या. आन मंग माह्या वाट्याची चिंच कमी व्हायले लागली." विजयमाला हसली. "मी काही बोलली नाई. दोघींले पुरेल इतकी तं होती."

देवकाबाईलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. तिने कनवटीला खोचलेली एक पुडी काढून मांडीवर ठेवली. वाळलेल्या मुळ्या होत्या. नदीपलीकडच्या एका बाईने दिल्या होत्या. तू बोरगावला माहेरी गेलीस की उगाळून घेणार होते, असं तिने खाली बघत सांगितलं.

विजयमालेचा चेहरा उतरला. "पाचव्या महिन्यात?"

"मंग काय करू बाई? मागच्या येळी मी गेलीच होती. या खेपेले काही मी वाचत नाई. अशी बी नाई आन तशी बी नाई. निदान लाज तं वाचन."

"लाज वाचवून काय करता, तुमीच नाई राहिल्या तं? माह्या पोराले आंघोळ कोन घालन? तुमच्या नंदबाई?"

शकुबाईंच्या हातून आंघोळ घालून घेणारं पोर डोळ्यांपुढे आलं आणि देवकाबाईला पुन्हा हसू फुटलं. विजयमालेने पुडी उचलली, उठली, पोट सावरत विहिरीपलीकडच्या उकिरड्याशी गेली आणि पायाने खड्डा करून ती पुरून टाकली. परत येऊन म्हणाली, "उद्या नर्सबाई येनार हाय. तिले दाखवा. नाई तं मी सांगतो."

"तू नोको सांगू. मी पाहतो."

पण देवकाबाईच्या मनात अजूनही सांगायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरापासून बायका जमू लागल्या. आतल्या सोप्यात झोपाळा शेवंतीच्या माळांनी मढवला होता. त्याच्यापुढे पाट, पाटाभोवती रांगोळी. विजयमाला हिरवं लुगडं नेसून, फुलांचे बाजूबंद बांधून बसली होती आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी तिच्या गालाला हात लावून बोटं मोडत होतं. पुरणाचा वास घरभर भरला होता. विकास योजनेच्या केंद्रातली नलिनी नर्स पांढरी साडी नेसून आली तशी म्हाताऱ्या बायका जरा सरकून बसल्या. ती नागपूरची, बोलायची शहरातल्यासारखी, पण जेवायला बसली की पुरणपोळ्या चार खायची. म्हणून बायकांना ती आवडे.

बाहेरच्या ओट्यावर पुरुषांचं वेगळंच चाललं होतं. पंधरा दिवसांपूर्वी नव्या राज्यरचनेत गावाचं राज्य बदललं होतं. काल-परवापर्यंत राजधानी नागपूर, सकाळी गाडीत बसलं की दुपारी काम करून परत, आता भोपाळ. भगवंतराव पानाला चुना लावत म्हणत होते, "मी हललो नाई, वाडी हलली नाई, आन राज्य हललं. आता नागपूर मुंबईच्या राज्यात. सासरवाडी परमुलखात गेली म्हना ना."

"दादा, राज्याचं जाऊ द्या," विनायक म्हणाला. तो सौंसरच्या शाळेत मास्तर होता, पंचवार्षिक योजनेची पुस्तिका खिशात घेऊन फिरायचा. "खरी गोष्ट वेगळीच हाये. देशात छत्तीस कोटी लोक मोजले होते पाच वर्षांमांगं. दरवर्षी पन्नास लाख वाढून राहिले. मी परवाच सौंसरच्या बाजारात भाषण दिलं. दोन किंवा तीन, बस. त्याच्यावर पोरं होनं म्हंजे अडानीपना."

त्याचा आवाज खणखणीत होता. पुरणाचं ताट घेऊन सोप्याच्या दारात आलेल्या देवकाबाईला शेवटचा शब्द स्वच्छ ऐकू आला. तिला एकदम उकडायला लागलं. दारातला उजेड पिवळा झाला, मग काळा. ताट कोणीतरी धरलं एवढं तिला कळलं. बाकी काही कळलं नाही.

डोळे उघडले तेव्हा डोकं विजयमालेच्या मांडीवर होतं आणि नलिनीने तिच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या होत्या. नर्सने पायांवर बोट दाबलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला. मग तिने पोटावर हात ठेवला. सोपाभर बायका पुढे सरकल्या.

"कितवा महिना, काकू?" नलिनीने हळूच विचारलं.

देवकाबाईने सुनेकडे पाहिलं. विजयमालेने मान डोलावली.

"पाचवा," देवकाबाई म्हणाली.

मागच्या रांगेत कोणीतरी खुसुखुसु हसलं. दुसरीने तिला चिमटा काढला, तर तीही हसली. शकुबाई हातातलं हळदीकुंकवाचं तबक खाली ठेवून म्हणाल्या, "म्हंजे चिंच तू खाल्ली."

आत काय झालं ते बाहेर पोचायला वेळ लागला नाही. विनायक दारात येऊन उभा राहिला. कानशिलं लाल झाली होती.

"आई, हे काय?" तो म्हणाला. "लोक मले काय म्हनतील? मी गावोगाव जाऊन सांगतो आन माह्याच घरात..."

देवकाबाई उठून बसली. एवढी वर्षं या घरात तिने मोठ्या आवाजात कोणाला काही विचारलं नव्हतं. आताही आवाज चढला नाही. पण मनात काही शिल्लक ठेवायचं नाही अशा बेताने ती बोलली.

"तू कोनाले सांगतो, विनायक?"

"लोकाईले."

"कोन्या लोकाईले? बाजारात झाडाखाली बसतेत त्याईले. त्यातल्या एकाच्याबी पोटात पोर राहात नाई. घरी येऊन तू मले कधी सांगितलं का? तुह्या बायकोले सांगितलं? असं काही करता येते, असं कोनी असते, दवाखाना कुठं असते, एक सबद तरी? मी नऊ येळा झाली बाळंत. दर खेपेले मले वाटे का हे देवाच्या हातात हाय. तुले ठाव होतं का नाई, आन तू छत्तीस कोटीले सांगत फिरला. छत्तीस कोटीत मी नव्हती का?"

विनायक आत आला, आईच्या पायाशी बसला आणि सुजलेल्या पावलावर त्याने हात ठेवला.

"चुकलं माह्यं," तो म्हणाला. "मले लाज वाटे तुह्यासंग असं बोलाची."

"मले बी वाटे. म्हनून तं पाचवा लागला."

या वेळी हसणं मागच्या रांगेतून नाही, सगळ्या सोप्यातून उठलं. विनायकही हसला, रडवेल्या तोंडाने. शकुबाई मात्र हसल्या नाहीत. त्या उठल्या आणि थेट स्वयंपाकघरात गेल्या. आता या घर डोक्यावर घेणार, असं सगळ्यांना वाटलं. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दुसरा पाट होता. विजयमालेच्या पाटाला लागून त्यांनी तो मांडला आणि बसून आपल्या हाताने त्याच्याभोवती रांगोळी ओढायला लागल्या. रेघ वाकडी येत होती.

"अक्का?" देवकाबाई म्हणाली.

"बस इथं." शकुबाईंनी मान वर केली नाही. "माह्ये अकरा झाले. तीन राहिले. आठवा गेला तवा मी सासूले म्हनलं, आता नोको. सासू म्हने, नोको म्हननारी तू कोन? मी मंग कोनालेच काही म्हनलं नाई. तुले बी म्हनलं नाई कधी. म्हनायले पायजे होतं." रांगोळी पुरी झाली. "आता ऊठ. तुह्यं डोहाळजेवन कोनी केलं होतं का? विनायकाच्या येळी दुष्काळ होता, मंग दरसालचं झालं. दरसालच्याचं कोन करते?"

विजयमालेने आपल्या दंडावरचा एक बाजूबंद सोडला आणि सासूच्या दंडाला बांधला. आधी शेजारणीने, मग तिच्या शेजारणीने, मग जिने खुसुखुसु सुरुवात केली होती तिनेच डोहाळ्याचं गाणं उचललं. सासूसुना जोडीने बसल्या. ओटीत तांदूळ, खोबरं आणि पाच पाच संत्री पडली. दोन वाट्या झाकून पुढे आल्या तेव्हा विजयमालेने उघडलेल्या वाटीत पेढा निघाला आणि देवकाबाईच्या वाटीत बर्फी. तिला मुलगी होणार म्हणून बायकांनी टाळ्या पिटल्या.

जेवणं उरकल्यावर नलिनीने भगवंतरावांना आत बोलावलं. ते पंचा खांद्यावर टाकून खांबाला टेकून उभे राहिले. एवढा उंचापुरा माणूस, पण नजर कुठे ठेवावी ते त्यांना कळत नव्हतं.

"काकूंच्या अंगात रक्त कमी आहे," ती म्हणाली. "गोळ्या मी देते, रोज घ्यायच्या. पण बाळंतपण घरी करायचं नाही. आठवा संपला की नागपूरला दवाखान्यात न्यायचं. तिथे रक्त द्यायची सोय आहे."

"आता थे दुसऱ्या राज्यात गेलं," भगवंतराव म्हणाले. "आमाले घेतीन का?"

"दवाखान्यात राज्य विचारत नाहीत, काका. कितवा महिना, ते विचारतात."

शकुबाई पलीकडून म्हणाल्या, "आन त्याच्यानंतर? पुढच्या साली अकरावा?"

नलिनीने पदर सावरला आणि सरळ सांगितलं. बायकांचं ऑपरेशन होतं, पण पोट उघडावं लागतं आणि काकूंच्या अंगात सध्या ते सोसायची ताकद नाही. पुरुषांचं होतं ते लहान. अर्ध्या तासाचं काम. दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड उचलायचं नाही, काही दिवस जपून राहायचं आणि नंतर एकदा तपासून घ्यायचं. पुरुषपणात काही उणं होत नाही.

विनायक बापाकडे बघत होता. देवकाबाई जमिनीकडे. मागे गंगाजळाची वाटी घेऊन हाच माणूस तिच्या उशाशी बसला होता, आणि त्याच्या हातून अर्धं पाणी तिच्या गळ्यावर सांडलं होतं. त्याविषयी दोघं कधी बोलले नव्हते.

"वखर हाकता येते का मंग?" भगवंतरावांनी विचारलं.

"पंधरा दिवसांनी खुशाल हाका."

"मंग मी करतो." त्यांनी पंचाने तोंड पुसलं. "नऊ येळा थे गेली मराच्या दारात. मी एक येळा नागपूरले जाईन तं काय झालं? फक्त अक्का, तू मोहगावात सांगू नोको."

"मी कशाले सांगू?" शकुबाई म्हणाल्या. संध्याकाळच्या गाडीने त्या परतल्या, आणि तीन दिवसांत मोहगावातल्या चार बायकांनी नलिनी नर्सचा पत्ता विचारला.

जानेवारीत बोरगावला विजयमालेला मुलगा झाला. देवकाबाई सात महिन्यांचं पोट घेऊन बैलगाडीने बारशाला गेली, तिने नातवाला पालथं मांडीवर घेऊन आंघोळ घातली, आणि पाहुण्याबायांनी तोंडं वळवली तरी ती पाण्याची धार मोडू न देता घालत राहिली. मार्चच्या सुरुवातीला नागपूरला तिला मुलगी झाली. एक बाटली रक्त द्यावं लागलं. ते विनायकाने दिलं. चौथ्या दिवशी भगवंतरावांचं काम झालं. संध्याकाळी ते बायकोच्या खाटेशी स्टुलावर बेताने टेकले आणि म्हणाले, "मुंगी चावली इतकंच. मी उगाच रामरक्षा म्हनून राहिलो होतो."

बाराव्या दिवशी नवरा, बायको आणि तान्ही पोरगी अशी तिघं इटारसीकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसली. भगवंतरावांनी खाली घोंगडीची चौपदरी घडी घेतली होती. डब्यात उन्हं आली होती, पोरगी टोपड्यात गाढ झोपली होती. काटोलला एक बाई चढली. काखेत एक पोर, बोटाला एक, आणि लुगड्याखाली तिसरं किंवा चौथं असावं. तिशीच्या आतलीच, पण डोळ्यांखाली काळं. समोर बसून तिने कौतुकाने टोपड्यात डोकावलं.

"गोड हाये बाई. नात का?"

वर्षभरापूर्वी देवकाबाईने हो म्हणून टाकलं असतं. तिने पोरीचं टोपडं सारखं केलं.

"नात नाई. माह्यी पोरगी हाय," ती म्हणाली. डब्यातल्या चारदोन माना वळल्या. तिने आवाज कमी केला नाही. "नातू घरी हाय, तो हिच्याहून दोन महिन्यांनं मोठा. ही दहावी. शेवटली."

समोरच्या बाईने काखेतलं पोर दुसऱ्या बाजूला घेतलं. तिने एकदा भगवंतरावांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहण्यात गढले होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. मग ती पुढे वाकली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "शेवटली म्हंजे? तुमाले कसं ठाव?"

देवकाबाईने नवऱ्याला कोपराने सरकायला सांगितलं. भगवंतराव आपली घोंगडी घेऊन जपून सरकले. तिने आपल्या शेजारची मोकळी झालेली जागा हाताने झटकली.

"इकडं येऊन बस," ती म्हणाली. "सांगतो."